बाळ दूध टाकतं, प्यायला कुरकुरतं: पुण्यातल्या आई-आज्यांचे नेहमीचे प्रश्न

मी पुण्यात बाळंतिणींच्या घरी जाऊन अंगावर पाजण्याबद्दल मार्गदर्शन करते. कसब्यातलं घर असो की बाणेरची सोसायटी, पहिल्या तीन-चार महिन्यांत सगळीकडे तेच प्रश्न येतात आणि आईच्या चेहऱ्यावर तीच काळजी असते. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनीच बघायला हवं असेल तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे. अशा वेळी कृपा करून घरी वाट बघत बसू नका.

प्रत्येक वेळी पाजलं की बाळ दूध टाकतं. त्याला ॲसिडिटी झाली आहे का?

बहुतेक बाळांना नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक गोल पकड असते. तान्ह्या बाळात ही पकड मधूनमधून आपोआप सैल पडते. त्यात बाळाचं सगळं खाणं पातळ, पोट चिमुकलं आणि दिवसाचा बराचसा वेळ आडवं पडून जातो. मग दूध वर येतं. शंभरातली निदान चाळीस बाळं असं दूध टाकतात. सहसा पहिल्या दोन महिन्यांच्या आत हे सुरू होतं, चौथ्या महिन्याच्या आसपास जोरात असतं आणि दहातल्या नऊ बाळांचं पहिल्या वाढदिवसाच्या आत थांबतं.

पाजल्यावर पहिले एक-दोन तास पोटातली आंबटता दुधामुळेच उतरलेली असते. त्यामुळे तेव्हा वर आलेलं दूध मोठ्यांच्या आंबट ढेकरेसारखं घसा जाळत नाही. दूध दह्यासारखं फुटून आलं तर आजी घाबरतात, ‘पचलंच नाही’ म्हणतात. खरं तर जठरात गेलेलं दूध फुटणं हा पचनाचाच भाग आहे.

बाळ दूध टाकून पुन्हा हसत-खेळत असेल, अंग धरत असेल, तर त्रास कपडे धुणाऱ्याला आहे, बाळाला नाही. वजन वाढेनासं झालं, बाळ दूधच नको म्हणू लागलं, श्वासाला त्रास होऊ लागला, की मात्र तो आजार समजून डॉक्टरांना दाखवायचं.

एवढं दूध बाहेर आलं, पोटात काही राहिलं असेल का?

ओट्यावरचा एक छोटा चमचा दूध घ्या आणि कोरड्या दुपट्यावर ओता. डाग केवढा पसरतो ते आजीला आणि बाबांनाही दाखवा. घरातली निम्मी भीती तिथेच उतरते.

दुपट्यावरच्या डागावरून काहीच ठरवू नका. बघायच्या गोष्टी दोनच: शू आणि वजन. पहिला आठवडा सरल्यावर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट चांगला ओला होत असेल तर दूध पोटात जातंय. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत परत जन्मवजनावर येतं. त्यानंतर पहिले तीन महिने रोज साधारण २५ ते ३० ग्रॅमने, म्हणजे आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅमने वाढतं. वजन एकाच काट्यावर, कपडे काढून करा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींना महापालिकेच्या दवाखान्यात जाताच, तेव्हा करून घ्या आणि कार्डावर लिहून मागा. रोज वजन करू नका. एका शी-शूने आकडा हलतो आणि आईचा जीव टांगणीला लागतो.

कोणती उलटी दिसली की लगेच निघायचं?

उलटी हिरवी असेल तर. पालकाच्या रसासारखा हिरवा रंग म्हणजे त्यात पित्त आहे, आणि लहान बाळात त्याचा अर्थ आतड्याला पीळ पडला असू शकतो. यात तास मोजायचे असतात, सकाळची वाट बघायची नसते. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. ससून रुग्णालय चोवीस तास उघडं आहे, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. हिरवं आहे की पिवळं, अशी शंका असेल तर तो कपडा धुऊ नका, पिशवीत घालून सोबत न्या.

दुसरी खूण म्हणजे धार मारून, लांबवर उडणारी उलटी. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाला प्रत्येक पाजण्यानंतर अशी उलटी होत असेल, उलटी होताच ते पुन्हा भुकेजून चोखू लागत असेल आणि दिवसेंदिवस ती वाढत असेल, तर जठराचं पुढचं तोंड जाड होऊन अरुंद झालं असण्याची शक्यता असते. हे मुलींपेक्षा मुलग्यांत बरंच जास्त आढळतं. सोनोग्राफीत कळतं आणि छोट्या शस्त्रक्रियेने कायमचं बरं होतं. ‘थोडं मोठं झालं की थांबेल’ म्हणत घालवलेल्या दिवसांत बाळ सुकत जातं, म्हणून हे इतकं लांबवून सांगते आहे.

उलटीत किंवा शीत रक्त, फुगून टणक झालेलं पोट, ताप, फुगलेली टाळू, प्यायला उठवलं तरी न उठणारं सुस्त बाळ, सहा-आठ तास कोरडा लंगोट, दूध पिताना निळे पडणारे ओठ किंवा थांबणारा श्वास, यातलं काहीही दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर तासाभराचीही चालढकल नको. दूध टाकणं सहा महिन्यांनंतर नव्यानेच सुरू झालं किंवा वर्षानंतरही चालूच राहिलं, तरी दाखवून घ्या.

एक दिलासा: आईच्या बोंडशीला चिरा पडल्या असतील तर तिथलं रक्त गिळलं जाऊन उलटीत तांबूस धागे दिसू शकतात. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

पाजण्यात काय बदल केला तर फरक पडतो?

औषधाआधी इथे वेळ द्या. मी घरी जाते तेव्हा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

आधी तोंडाची पकड बघा. बाळाने नुसती बोंडशी धरली असेल तर ते हवा गिळतं, चुटचुट आवाज येतो आणि आईला दुखतं. तोंड मोठ्ठं उघडेपर्यंत थांबा, मग बाळाला छातीकडे आणा. छाती बाळाकडे वाकवू नका. भोवतालचा काळा भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात जायला हवा. हनुवटी छातीला टेकलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला. बाळाचं डोकं, पाठ आणि कंबर एका रेषेत, पोट आईच्या पोटाला लागलेलं. मान वळवून आपण पाणी प्यायलो तर कसं होईल ते एकदा करून बघा.

काही आयांना पान्हा जोरात फुटतो. बाळ गटागटा पितं, ठसकतं, सोडून देतं आणि दूध तोंडावर उडतं. अशा वेळी आईने मागे रेलून बसावं आणि बाळाला आपल्या अंगावर पालथं घेऊन पाजावं, म्हणजे धार थोडी मंदावते. पहिला जोर रुमालात जाऊ दिला तरी चालतो.

भुकेने रडेपर्यंत थांबू नका. मुठी तोंडात घालणं, मान वळवून शोधणं, ओठ चाटणं ही भुकेची हाक आहे. रडणं फार उशिरा येतं आणि रडताना हवा गिळली जाते. घड्याळ लावून तीन-तीन तासांनी पोटभर पाजण्यापेक्षा थोडं थोडं, अधिक वेळा पाजलेलं बरं.

पाजून झालं की वीस-तीस मिनिटं उभं धरा, खांद्यावर किंवा छातीशी. ढेकर निघाली नाही तरी हरकत नाही, धरण्याचा उपयोग होतोच. कारच्या सीटमध्ये किंवा बाउन्सरमध्ये अर्धवट बसवणं म्हणजे उभं धरणं नाही. तिथे पोट दुमडतं आणि दूध उलट जास्त वर येतं. लंगोट किंवा डायपरही पोटावर घट्ट बांधू नका, आणि पाय उचलून तो बदलायचं काम पाजण्याआधी उरका.

वरचं दूध चालू आहे. त्यात काय बघायचं?

डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा. आधी मोजून उकळलेलं पाणी, मग सपाट केलेला चमचा. शीग लावलेला नव्हे. घट्ट केलं तर बाळ जास्त तहानतं आणि पोट बिघडतं, पातळ केलं तर वजन वाढत नाही. पहिल्या आठवड्यांनंतर दिवसभराचं दूध दर किलो वजनामागे साधारण १५० मिलि असतं. यापेक्षा बरंच जास्त जात असेल तर दूध टाकण्याचं कारण तेच असू शकतं. बाटली संपलीच पाहिजे हा हट्ट सोडा.

आडवं झोपवून बोंडल्याने किंवा पळीने घशात ओतणं फार धोक्याचं आहे, दूध श्वासनलिकेत जातं. वाटी-चमच्याने पाजा, बाळाला बसतं धरून, ओठाशी चमचा लावून, त्याच्या गतीने.

दूध घट्ट व्हावं म्हणून बाटलीत तांदळाची पेज, रवा किंवा नाचणी सत्त्व मिसळू नका. डॉक्टर कधीकधी घट्ट केलेलं दूध सुचवतात, पण ते बाळ तपासून आणि नेमकं प्रमाण देऊन. आणि एवढ्या कारणासाठी अंगावरचं दूध तोडू नका. जे येतंय तेच बाळाला सगळ्यात लवकर पचतं.

उताणं झोपवलं आणि ओकलं तर गुदमरेल ना? कुशीवर झोपवू का?

नाही. उताणंच, सपाट आणि टणक गादीवर. बाळ उताणं असताना श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर चढून जावं लागतं, त्यामुळे बाळ ते गिळून टाकतं किंवा तोंडाच्या कडेने बाहेर काढतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ पासून बाळाला पोटावर न झोपवण्याचा सल्ला दिला आणि त्यानंतर तिथे झोपेतल्या अचानक बालमृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. कुशीवर ठेवलेलं बाळ कधी पालथं होईल ते कळत नाही.

मोहरीची उशी, गादीखाली दुमडलेली चादर, डोक्याकडून उंच केलेला पाळणा, यांनी दूध टाकणं कमी होत नाही. बाळ घसरून मान मात्र वाकते. झोळीतही हनुवटी छातीला लागते. आजीने प्रेमाने शिवलेली मोहरीची उशी जपून ठेवा, पण झोपवताना नको. पोटावर ठेवायचं ते जागेपणी, कुणीतरी समोर बसलेलं असताना.

मालिशवाल्या मावशी येऊन गेल्या की बाळ हमखास ओकतं.

मावशींची वेळ आणि पाजण्याची वेळ जवळ आली असणार. मालिश-अंघोळ आधी, मग पाजणं, मग झोप. पाजलेलं असेल तर किमान तासभर जाऊ द्या. पोटावर हलका हात. पाय धरून उलटं टांगणं, हवेत झेलणं हे थांबवायला सांगा. मावशींचा मान राखून सांगता येतं. ‘डॉक्टरांनी नको म्हटलंय’ हे वाक्य बऱ्याच घरांत कामी येतं.

अंघोळीनंतरची ओवा-शेपांची धुरीही नको. धूर कुठलाही असो, सिगरेटचा, उदबत्तीचा किंवा दृष्ट काढून जाळलेल्या मिरच्यांचा, बाळाच्या श्वासाला वाईटच. दृष्ट काढायची तर मीठ-मोहऱ्या ओवाळून बाहेर टाका, जाळू नका.

गुटी, ग्राइप वॉटर, मध यांनी आराम पडतो का?

सहाणेवर वेढे मोजून उगाळलेली गुटी ही आपल्या घरांतली मायेची गोष्ट आहे, आणि ती नाकारताना सुनेची कशी ओढाताण होते ते मी बघते. तरीही पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज काहीही नको, पाणीसुद्धा नाही. अपवाद डॉक्टरांनी दिलेल्या औषधांचा आणि ड जीवनसत्त्वाच्या थेंबांचा.

कारणं नेमकी आहेत. वेखंडाने लहान मुलांना उलट्यांवर उलट्या होऊ शकतात, म्हणजे ज्यासाठी द्यायचं तेच वाढतं. त्यातल्या असारोन नावाच्या घटकामुळे अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंडाला बंदी आहे. जायफळाने बाळ शांत झोपतं असं वाटतं, पण ती गुंगी असते आणि गुंगीत बाळ नीट पीत नाही. उगाळताना किती पोटात गेलं याचं माप नाही, आणि सहाण पुसून ठेवली तरी निर्जंतुक होत नाही. मध वर्षभर अजिबात नको. त्यातल्या जिवाणूच्या बीजांमुळे बाळाला बॉट्युलिझम नावाचा, स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

ग्राइप वॉटरने दूध टाकणं थांबतं असा पुरावा नाही. काही मिनिटं शांत होतं ते त्या गोड चवीने.

गाढविणीचं किंवा शेळीचं कच्चं दूध पाजायला सांगणारेही भेटतात. न उकळलेल्या दुधातून तान्ह्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो, म्हणून नकोच.

मी काय खाणं बंद करू?

सहसा काहीच नाही. तुमच्या पोटात झालेला वात दुधात उतरत नाही. गवार, कोबी, हरभऱ्याची डाळ, लिंबू, वांगं यांनी बाळाचं दूध वर येत नाही. नुसत्या तूप-भातावर आणि मेतकुटावर दिवस काढणाऱ्या बाळंतिणी मी बघते तेव्हा फार वाईट वाटतं. पाजणाऱ्या बाईला भूक लागते, तिला पोटभर, चौरस जेवू द्या. शेपू, मेथी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आवडत असतील तर जरूर खा. आवडत नसतील तर त्यावाचून दूध अडत नाही.

मग गाईच्या दुधाची ॲलर्जी म्हणतात ती काय?

हा वरच्या उत्तराला खरा अपवाद. शंभरात दोन-तीन बाळांना गाई-म्हशीच्या दुधातली प्रथिनं सोसत नाहीत आणि ती आईच्या खाण्यातून थोडीशी अंगावरच्या दुधात येतात. दूध टाकण्याबरोबर शीत रक्त किंवा शेंब, अंगावर खरखरीत चट्टे, वजनाची रखड, असं एकत्र दिसलं तर डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध-दुभतं पूर्ण बंद करायला सांगतात. पूर्ण म्हणजे चहातलं दूध, दही, ताक, पनीर, खवा, पेढे, श्रीखंड. बिस्किटाच्या पुड्यावरची दूध-पावडरही वाचायची. तुपाचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा, कारण त्यातही प्रथिनांचा अंश राहतो. फरक पडला तर पुन्हा सुरू करून त्रास परत येतो का ते बघतात. ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात आणि आई विनाकारण महिनोन्महिने दुधावाचून राहते. या काळात कॅल्शियमच्या गोळ्या लागतात. शेळीचं दूध हा पर्याय नाही, ज्यांना गाईचं सोसत नाही त्यांतल्या बहुतेकांना तेही सोसत नाही.

डॉक्टरांनी थेंब लिहून दिलेत. द्यावेत का?

कशासाठी दिलेत ते विचारा, हा तुमचा हक्क आहे. आम्ल कमी करणारी औषधं दूध वर येणं थांबवत नाहीत, फक्त वर येणाऱ्या दुधाची आंबटता घटवतात. नुसतं रडणं किंवा दूध टाकणं त्यांनी कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही, आणि पोटातलं आम्ल जंतूंनाही मारत असल्याने ते घटलं की संसर्गाचा धोका थोडा वाढतो. अन्ननलिकेला खरंच इजा झाली असेल तिथे मात्र त्यांची गरज असते. उलट्यांवर देतात त्या डोमपेरिडोनमुळे हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. आम्ल कमी करणारं रॅनिटिडीन तर २०२० मध्ये अमेरिकेत बाजारातून काढून घ्यायला लावलं.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळा. त्याच नावाचे ड्रॉप्स आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते, ड्रॉप्स कित्येक पट कडक असतात. दुकानदाराने एकाऐवजी दुसरं दिलं तर मात्रा चुकते. चिठ्ठी आणि बाटली शेजारी ठेवून वाचा. नणंदेच्या बाळाचं उरलेलं औषध देऊ नका. सुरू असलेलं औषध मनाने बंदही करू नका, विचारून करा.

छातीशी घेतलं की पाठ ताणून रडतं. ‘आतल्या आत’ ॲसिडिटी असेल का?

दूध बाहेर न येता फक्त रडणं आणि पाठ ताणणं, एवढ्यावरून ते ठरवता येत नाही. नाक चोंदलेलं असतं, तोंडात पांढरा चट्टा असतो, कान दुखत असतो, पान्हा जोरात येत असतो किंवा लवकर येत नसतो. कधी मूत्रमार्गाचा संसर्गही असतो. आणि पुष्कळदा बाळाचं पोट भरलेलं असतं.

जबरदस्ती हा यातला मोठा घोटाळा. डोकं दाबून छातीवर धरलं, रडणाऱ्या तोंडात बाटली कोंबली, की बाळाला पाजण्याचीच धास्ती बसते. मग ते फक्त झोपेत पितं. मान फिरवली की थांबा, उभं धरा, जरा फिरवा, पुन्हा हाक देईल तेव्हा द्या. मंद उजेड, शांत खोली, उघड्या अंगाला अंग लावून काही वेळ नुसतं पडून राहणं, याने रुसलेली बाळं परत येतात. ओळीने दोन-तीन वेळा दूध पूर्ण नाकारलं तर दाखवा. मान आणि पाठ विचित्र वळत असेल किंवा अंगाला एकामागोमाग झटके बसत असतील तर मोबाईलवर चित्रण करा आणि त्याच दिवशी दाखवा.

उचक्या?

लागू द्या. आपोआप थांबतात.

संध्याकाळी तीन-तीन तास रडतं. मला आता सहन होत नाही.

रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. डोकं भणभणलं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून दार लोटा आणि पाच-दहा मिनिटं गॅलरीत उभ्या राहा. त्याने बाळाचं नुकसान होत नाही. रागाने हलवल्याने, गदगदा झोके दिल्याने मात्र मेंदूला इजा होते.

रात्रीचं एखादं उभं धरणं बाबांचं असू दे. पाजणं तेवढं आईलाच जमतं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं कुणालाही जमतं. बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, स्वतःचं किंवा बाळाचं काही करून टाकावं असे विचार येत असतील, तर आजच घरच्यांना सांगा आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोला. तो विनामूल्य आहे, मराठीतही बोलतात.

खायला सुरू केलं की थांबेल ना? मग चौथ्या महिन्यात उष्टावण करू?

बसायला आणि घट्ट खायला लागल्यावर बरंच कमी होतं हे खरं, पण त्यासाठी घाई नको. सहा महिने पूर्ण होऊ द्या. तेव्हाही वरणाचं पाणी नको. मऊ भात-वरण तूप घालून, चमच्यावरून ओघळणार नाही इतकं दाट द्या.

डॉक्टरांकडे जाताना काय नेऊ?

वजनाचं कार्ड. दोन दिवसांची साधी नोंद: किती वाजता पाजलं, केव्हा आणि कसं दूध टाकलं, किती लंगोट ओले झाले. उलटीचा किंवा पिताना होणाऱ्या त्रासाचा व्हिडिओ, कारण दवाखान्यात बाळ नेमकं शहाण्यासारखं वागतं. चालू असलेल्या प्रत्येक औषधाची बाटली, गुटी देत असाल तर तेही न लाजता सांगा. बाळ नऊ महिने पूर्ण होण्याआधी जन्मलं असेल तर आधी ते सांगा, अशा बाळांची गणितं वेगळी असतात. आणि जमलं तर बाळाला भूक लागायच्या बेताने पोहोचा, म्हणजे पाजताना काय होतं ते डॉक्टरांना स्वतः बघता येईल.